व्हाइट रिव्हर, १८७९: दोष मीकरचा की वॉशिंग्टनचा?

रानवाटा
अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या यूट या आदिवासी लोकांबद्दल वाचताना नेथन मीकरचा संताप येतो. १८७८ मध्ये तो व्हाइट रिव्हर एजन्सीवर, म्हणजे यूटांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ठाण्यावर, एजंट म्हणून आला. यूटांचा सगळा मानमरातब घोड्यांत, आणि याने त्यांचं कुरण, शर्यतीचं मैदान नांगरायला काढलं. ऐकणार नाही त्याचा शिधा बंद! जॉन्सन नावाच्या यूटाने त्याला ढकललं, तेव्हा त्याने फौज मागवली. २९ सप्टेंबर १८७९ ला मिल्क क्रीकवर यूटांशी झालेल्या लढाईत त्या फौजेचा प्रमुख मेजर थॉर्नबर्ग पडला; एजन्सीवर मीकर आणि त्याची माणसं मारली गेली. एका माणसाच्या हट्टापायी हे सगळं घडलं.

डोंगरदरी
अजिबात पटलं नाही. मीकर हेकट होताच, पण यूटांना शेतकरी बनवायचं हे सरकारचंच धोरण होतं. १८६८ च्या तहात वर्षाला ३० हजार डॉलरपर्यंतचं धान्य-मांस कबूल केलं, तेही ते स्वतः पोट भरू लागेपर्यंत. जमिनीच्या बदल्यात मिळणारा शिधा एजंटाच्या हाती लगाम होऊन बसला. शिवाय माल पोचायचा कुठे वेळेवर? मीकर येण्याआधीपासून तो रॉलिन्सला रेल्वेच्या गोदामात अडकला होता. उपाशी माणसाला नांगर दाखवायचा?

रानवाटा
गोदामाचं मान्य. पण दुसऱ्या, लॉस पिनोस एजन्सीकडच्या यूटांनी, म्हणजे ऊरे या प्रमुखाच्या लोकांनी, बंदूक उचलली नाही. एजंट कोण, याने फरक पडतोच.

जुनी पानं
ऊरेचं नाव आलं म्हणून लिहिते. त्याला सगळ्या यूटांचा प्रमुख सरकारने ठरवलं, व्हाइट रिव्हरवाल्यांनी नाही. १८७३ च्या करारात यूटांचा सुमारे ३७ लाख एकर खाणीचा मुलूख वर्षाला २५ हजार डॉलरवर गेला, आणि त्याच करारात ऊरेला वर्षाला १ हजार डॉलर पगार लागला. सोयीचा एक माणूस निवडून त्याच्याकडून सगळ्यांची सही घ्यायची, हाच तर कारभार.

डोंगरदरी
त्या ऊरेने लढाई थांबवायचा निरोप धाडला, एजन्सीवरून ओलीस नेलेली बायका-मुलं सोडवायला मदत केली. रानवाटा, त्याच्या लोकांना त्याचं फळ काय मिळालं? गव्हर्नर पिटकिनला सगळेच यूट राज्याबाहेर हवे होते. ऑगस्ट १८८० मध्ये ऊरे वारला, आणि सप्टेंबर १८८१ मध्ये अनकम्पाग्रे यूटांना, म्हणजे त्याच्याच लोकांना, लष्कराच्या पहाऱ्यात युटाहकडे हाकललं. त्यांच्या कुरणावर मीकरने कधी नांगर घातला नव्हता.

रानवाटा
या हकालपट्टीपुरतं तुमचं बरोबर. मीकरला मात्र मी सोडत नाही. फौज बोलावणारी तार त्यानेच केली होती.