दाढ काढायची घाई नको
वडिलांच्या जिभेच्या कॅन्सरचं रेडिएशन होऊन 2 वर्षं झाली, आता किडलेली खालची दाढ जवळच्या दवाखान्यात काढू का, असं इथे एकांनी विचारलंय. कृपया घाई करू नका. किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दाढ काढल्यावर जखम कधीकधी भरत नाही, हाड उघडं पडून मरू शकतं. खालच्या जबड्याला धोका जास्त, आणि तो वर्षानुवर्षं राहतो. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. बरेचदा रूट कॅनालवर भागतं.

रेडिएशननंतर माझ्या काकांची लाळच आटली होती. भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घास उतरत नसे. लाळ नसल्यानं 6 महिन्यांत दात हिरडीलगत तपकिरी होऊन तुटायला लागले. तेव्हापासून रोज रात्री दातांना फ्लोराइडचं जेल, न चुकता. ज्यांचं रेडिएशन अजून व्हायचंय, त्यांनी खराब दात किमान 2 आठवडे आधी काढून घ्यावेत.