परीक्षा पोर्टलला पासवर्डनंतरची दुसरी पायरी (फोनवरचा कोड) सक्तीची करा, आणि ती याच वर्षी

खडूफळा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत प्रिंट काढायला गेले होते. काउंटरवर हिशेबाची लांबट वही उघडी पडलेली. रकाने आखलेले: नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), मोबाइल, पासवर्ड. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नाव आणि पुढे १२३, नाहीतर जन्मसाल. परीक्षा फॉर्म, शिष्यवृत्ती, एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक), सगळं तिथेच भरलं जातं, म्हणून मालकाने लिहून ठेवलेलं. माणूस भला आहे, अडलेल्या पोरांचे पैसेही घेत नाही. पण त्या पानाचा कुणी फोटो काढला तर आमच्या निम्म्या वर्गाचे फॉर्म आणि बँक खात्यांचे तपशील त्याच्या हातात.

कॉलेजच्या आत काय वेगळं आहे? अंतर्गत गुण भरायला विभागाला एकच लॉगिन. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. कायम दोघं, सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) चौघं, सगळे त्यातूनच भरतात. मागच्या सत्रात एका मुलीचे १८ गुण पोर्टलवर ८ झाले. कुणाच्या हातून, ते आजतागायत कळलेलं नाही, कारण नोंदीत सगळीकडे एकच नाव. ती मुलगी तीन दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहत होती. माझ्या गुणांच्या वहीत १८ दिसत होते म्हणून निभावलं.

नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये कुणीतरी फसव्या मेलमधली लिंक उघडली. चोर दोन महिने आत फिरत राहिले आणि नाताळच्या तोंडावर २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे सुमारे दोन लाख युरो खंडणी भरली. आपण कशाची वाट पाहतोय? गुण भरणारे, फॉर्म मंजूर करणारे आणि विद्यार्थी, सगळ्यांना दुसरी पायरी सक्तीची करा.

जुना लिपिक

मॅडम, मी ३१ वर्षं परीक्षा विभागात काढली. माझा ठाम विरोध आहे.

कोड कुणाच्या फोनवर येणार? साहेबांच्या. एका शिष्यवृत्ती पोर्टलवर हे झालेलं आहे. साहेब बैठकीत, मी बाहेरून फोन लावतो, ते दबक्या आवाजात सहा आकडे सांगतात, मी टाइप करेपर्यंत वेळ संपलेली. पुन्हा फोन. १४० अर्ज होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कंटाळून फोनच माझ्या टेबलावर ठेवला, लॉकशिवाय. त्याच फोनवर त्यांच्या बँकेचे ओटीपी येत होते. संध्याकाळपर्यंत ऑफिसातल्या चार जणांनी तो हाताळला. यात सुरक्षा वाढली की होती तीही गेली?

आणि “याच वर्षी” या शब्दांची मला धास्ती वाटते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने ऐन परीक्षांच्या तोंडावर सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही पाळता आली नाही. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. पण पोरांचे पुढचे प्रवेश अडकले, ते कुणी भरून दिलं? कल्पना चांगलीच होती. घाई नडली.

रांगेतली

मी विद्यार्थिनी आहे. घरात स्मार्टफोन एकच, बाबांचा, आणि बाबा दिवसभर शेतात. माझा पहिल्या वर्षाचा फॉर्म कॅफेवाल्या दादांनी स्वतःचा नंबर टाकून भरला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं, सिमही बदललं. मला लॉगिनच होईना. नंबर बदलायला विद्यापीठात जा म्हणाले. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस, वर खिडकीवर सांगितलं की प्राचार्यांचं पत्र आणा. फॉर्म विलंब शुल्कासकट भरला. मॅडम, तुमचा हेतू कळतो. पण सक्ती झाली की माझ्यासारख्यांच्या अशा किती फेऱ्या होतील?

तारवाला

मी एका विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळतो. आधी खडूफळा यांची एक चूक दाखवतो. मास्ट्रिख्टचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे मेलवाटे संगणकातच विषाणू शिरला होता, आणि काही बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेले असल्याने तेही कुलूपबंद झाले. दुसऱ्या पायरीने तो हल्ला अडला असता असं म्हणता येणार नाही. तिथला धडा बॅकअपची एक प्रत तारेपासून तोडून ठेवण्याचा आहे.

तरी मी सक्तीच्या बाजूने आहे. लिपिककाका, तुमचा त्रास एसएमएसवरच्या ओटीपीचा आहे. अ‍ॅपमधला कोड फोनमध्येच तयार होतो, दर ३० सेकंदांनी बदलतो, त्याला रेंज लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहा, कोड येतच राहील. फक्त घड्याळ बरोबर हवं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना एकदाच चालणारे दहा कोड कागदावर छापून देता येतात, हॉल तिकिटासारखे जपायचे.

त्याऐवजी दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती मात्र उठवा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच २०१७ साली ती अट नको म्हणून सांगितलं. माणसं शेवटचा १ काढून २ करतात आणि चिठ्ठी पुन्हा कपाटाला चिकटते.

जुना लिपिक

दहा कोडांचा कागद त्या पोरीने हरवला तर? परत एसटी?

दूरदेशी

मी जर्मनीत असते. गिसनच्या विद्यापीठावर डिसेंबर २०१९ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ३८ हजार विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना ओळखपत्र दाखवून, रांगेत उभं राहून नवा पासवर्ड कागदावर घ्यावा लागला. मेलवर पाठवून भागलं नसतं, कारण समोरचा माणूस तोच आहे याची खात्री प्रत्यक्षच करायची होती. काकांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. हरवलेल्या कोडाची खिडकी प्रत्येक कॉलेजात हवी. मुलीला ओळखणारे शिक्षक तिथेच असतात, ते चेहरा आणि ओळखपत्र पाहून नवे कोड देऊ शकतात. विद्यापीठापर्यंत जायची गरजच काय?

खडूफळा

तारवाला, मास्ट्रिख्टबद्दल मान्य, मी घाईत जोडलं. रांगेतली, तुझी हकीकत वाचून मागणी बदलते आहे. विद्यार्थ्यांवर सक्ती नको, जोवर कॉलेजात अशी खिडकी सुरू होत नाही तोवर तरी. पण गुण भरणाऱ्यांच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. १८ चे ८ करणारा हात कुणाचा, हे कळायलाच हवं. सीएचबीवरच्या शिक्षकालाही स्वतःच्या नावाचं लॉगिन आणि स्वतःचा कोड. काका, साहेबांचा फोन मागायची वेळच येणार नाही.

जुना लिपिक

स्वतःच्या नावाचं लॉगिन मी २०१४ पासून मागतोय. उत्तर येतं, पदाला एकच मिळेल. ते आधी द्या. मग परीक्षा फॉर्म सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत नवं काही लादणार नाही, असं लेखी द्या. मग उन्हाळी सुट्टीत आम्हाला दोन दिवस बसवून शिकवा. या क्रमाने आलात तर निवेदनावर पहिली सही माझी. उलट्या क्रमाने आलात तर विरोध कायम आहे.

रांगेतली

मॅडम, त्या कॅफेतल्या वहीचं काय केलंत?

खडूफळा

मालकाशी बोलले. त्याने ते पान माझ्यासमोर फाडलं. उद्या दोन तास घेणार आहे, संगणक कक्षात वर्गाला बसवून प्रत्येकीचा पासवर्ड तिच्याच हाताने बदलून घ्यायचा. तुझ्या कॉलेजात कुणी घेणार असेल तर मी शनिवारी यायला तयार आहे.