एकटी उरलेली कोरी मासोळी: जोडीला आणखी आणू की नको?

मंडळी, जरा मदत हवीय. माझा माशांचा २ फुटी टँक आहे, साधारण ५४ लिटरचा, त्यात ११ निऑन टेट्रा (थव्याने पोहणारे छोटे मासे) आणि फक्त एक पांडा कोरी (तळाशी राहणारी छोटी मिशाळ मासोळी). आधी पाच होत्या. बाकीच्या चार गेल्या त्या माझ्याच अतिशहाणपणामुळे. फिल्टरचा स्पंज फार घाण दिसला म्हणून थेट नळाखाली धरून चकाचक धुतला, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया मेले असणार, कारण दोन-तीन दिवसांत पाण्यातला विषारी अमोनिया वर गेला आणि मी पाणी बदलत बसेपर्यंत एकेक करून चार कोरी आणि तीन निऑन गेले. आता स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळते, पण वरातीमागून घोडं.

याला आता तीन महिने झाले. अमोनिया, नायट्राइट शून्य, तापमान २४ च्या आसपास, निऑन मजेत आहेत. कोरी मात्र दिवसभर फिल्टरच्या मागे दडून. पूर्वी पाचही जणी तळ हुंगत एकत्र हिंडायच्या, एक बसली की बाकीच्याही तिथेच बसकण मारायच्या. आता लाइट घालवला की मगच ही बाहेर येते. आणि कधीकधी निऑनचा थवा खाली आला की त्यांच्या मागे मागे जाते, ते वर निघून गेले की तिथेच थांबते. खरं सांगू, बघवत नाही.

माझी अडचण अशी की वर्षभरात मला हा टँक बंद करायचाय. एकटीसाठी अजून पाच आणल्या तर त्या पुढची पाचेक वर्षं सहज काढतील, म्हणजे हे संपायचंच नाही. दोनच आणल्या तर चालेल का? की ही आता सवयीने राहील?

प्रतिसाद १: दोन आणून अर्धवट काम करू नका, सहाच्या आसपास असतील तरच त्या दिवसा मोकळ्या फिरतात. आणि आणल्याच तर एकदम टँकमध्ये सोडू नका, दोन-चार आठवडे वेगळ्या ठेवा, नाहीतर नवा आजार घरात.

प्रतिसाद २: आधी एक विचारतो, तळाला वाळू आहे की खडी? तिच्या मिशा नीट बघा. धारदार खडीने आणि घाण तळाने मिशा झिजतात, मग ती खाणं शोधायलाही फिरत नाही. सगळं खापर एकटेपणावर फोडू नका.

धागाकर्ती: खडी आहे, पण गोल. आत्ताच टॉर्च लावून पाहिलं, मिशा शाबूत आहेत. अधूनमधून सुसाट वर जाऊन तोंड काढते, ते वाईट लक्षण का?

प्रतिसाद २: अधूनमधून असेल तर नाही, कोरी वरून हवा गिळते आणि ती आतड्यातून शोषते. सारखंच चाललं असेल तर पाणी तपासा.

प्रतिसाद ३: दुसऱ्या जातीची कोरी सोबत ठेवली तर? माझ्याकडे ठिपकेवाली होती ती पांडांच्या जवळ बसायची.

प्रतिसाद १: जवळ बसतात, पण आपल्या जातीच्या असल्या की वेगळंच वागतात. निऑनच्या मागे जाते म्हणजे सोबत शोधतेय, पण निऑन काही तळाला राहणारा मासा नाही. ताई, टँक बंदच करायचा असेल तर कुणाकडे पांडांचा ग्रुप असेल त्याला देऊन टाका. हरलात असं समजू नका, तिच्या दृष्टीने तेच बरं. निऑनचंही तेच, द्याल तेव्हा अकराच्या अकरा एकत्र द्या.

धागाकर्ती: हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली आणू की नको यातच गुंतले. ओळखीत एकाकडे सात पांडा आहेत, आताच विचारलं तर हो म्हणाला. रविवारी नेईन. पकडायची कशी, साधी जाळी चालेल?

प्रतिसाद २: जाळी नको, कल्ल्यामागचे काटे ताठ होऊन अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. पारदर्शक डबा तळाशी आडवा धरा आणि हाताने हळूच आत हाका. न्यायलाही डबाच बरा, पिशवीला काट्याने भोक पडू शकतं.