ग्लासगोतला हिवाळा, व्हिटॅमिन डी आणि भारतातून आणलेली ६० हजारची पाकिटं

मोगरा_नाशिक
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये नाशिकहून ग्लासगोला आलोय. आता डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला दिवे लावावे लागतात, मधल्या वेळात बहुतेक ढगच. माझी पाठ, मांड्या सारख्या ठणकतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. जीपीने (इथला फॅमिली डॉक्टर) रक्त तपासलं, नंतर फक्त मेसेज आला की व्हिटॅमिन डी कमी आहे, फार्मसीतून गोळ्या घ्या. रिपोर्टवर आकडा ३१ आहे. नवरा म्हणतो भारतात ३० च्या वर नॉर्मल असतं, मग कमी कसं? त्याच्या मित्राने येताना डीची ६० हजार युनिटची पावडरची पाकिटं आणलीत, ती घेऊ का? शिवाय बाळ ५ महिन्यांचं, अंगावरच पितं. साबा (सासूबाई) आल्यात, त्या म्हणतात रोज तेल लावून खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ठेव, डीचे थेंबबिंब काही नको. आम्ही शाकाहारी आहोत. कोणी अनुभवी असेल तर प्लीज नीट सांगा.

औषधवाली_मँचेस्टर
मोगरा, आधी ३१ चं बघू, कारण इथे आपल्याकडच्या भल्याभल्यांचा घोळ होतो. भारतातल्या लॅब नॅनोग्रॅम प्रति मिली लिहितात, इथे नॅनोमोल प्रति लिटर. इथल्या आकड्याला अडीचने भाग, की भारतातला आकडा मिळतो, म्हणजे तुझे ३१ हे तिकडचे साधारण साडेबाराच झाले. इथे २५ च्या खाली सरळ कमतरता धरतात, ५० च्या वर पुरेसं, तू मध्ये आहेस. पण तुला जिना चढायला त्रास होतोय आणि हाडं दुखतायत, हे जीपीला स्पष्ट सांग, परत फोन करून सांग, मेसेजवर सोडू नकोस. लक्षणं असतील तर काही आठवडे मोठा डोस देऊन मग रोजच्या डोसवर आणतात, आणि तो डोस त्यांनीच ठरवायचा.

ती पाकिटं स्वतःच्या मनाने फोडू नकोस. भारतातही ती आठवड्याला एक अशी, ठराविक आठवडेच देतात. डी चरबीत साठतं, जास्तीचं पाण्यासारखं लघवीतून निघून जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता, पुढे मुतखडा. डॉक्टरने वेगळं सांगितलं नसेल तर मोठ्या माणसाला दिवसाला ४००० युनिट ही इथली वरची मर्यादा आहे.

बाळाचं: अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम द्यायला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते, १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. डब्याचं दूध रोज अर्ध्या लिटरच्या वर पीत असेल तर वेगळे थेंब लागत नाहीत. आणि हे अगदी लक्ष देऊन वाच, भारतातल्या बाटलीत बहुतेक १ मिलीत ४०० किंवा ८०० युनिट असतात, इथे मात्र काही बाटल्यांत एका थेंबातच ४०० असतात. तिकडच्या सवयीने ड्रॉपर भरून दिलास तर कितीतरी पट डोस जाईल!! लेबल वाच, एकच बाटली वापर, आणि साबांनाही दाखवून ठेव. हेल्थ व्हिजिटरला (बाळाची तब्येत बघायला येणारी नर्स) विचार, बाळाचे थेंब फुकटही मिळतात का ते त्या सांगतील.

निळासावळा
साबांचा तेल मालिशचा आग्रह चांगलाच आहे, मालिश चालू ठेवा, पण डी त्यातून मिळणार नाही. त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच अडवते. आणि कोवळ्या उन्हात ते नाशिकलाही फारसे नसतात, सूर्य तिरपा असला की ते वातावरणातच अडतात. ग्लासगोत डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो, म्हणजे दिवसभर सकाळच. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बाहेर बसूनही काही उपयोग नाही. त्यात आपली सावळी कातडी, तिला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ ऊन लागतं, म्हणून गोऱ्यांना हिवाळ्यापुरतं सांगतात पण दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज ४०० युनिट घ्यायचा विचार करावा असं म्हणतात. ग्लासगोत तर १९६० च्या दशकात आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांत मुडदूस दिसायला लागला होता, आणि पुढे तिथे थेंब फुकट वाटायला लागल्यावर तो कमी झाला, त्यामुळे हे सगळं उगाच कौतुक नाही.

हेलसिंकीकर
आमच्याकडे फिनलंडमध्ये २००३ पासून दुधातच डी घालतात, तरी लहान मुलांना थेंब देतातच. ब्रिटनमध्ये दुकानातल्या साध्या दुधात सहसा घालत नाहीत, त्यामुळे दूध भरपूर पितो म्हणून निवांत राहू नका. बांगडा, तारली, सामन खाणाऱ्यांना थोडं तरी मिळतं, शाकाहारी माणसाला गोळी हाच रस्ता. पाकिटामागे बघा, कॅप्सूल बरेचदा जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासून केलेली, असते आणि डी३ बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, तेही नको असेल तर ‘वीगन डी३’ लिहिलेलं घ्या, ते दगडफुलाच्या वर्गातल्या लायकेनपासून करतात. जेवणाबरोबर घ्या, तूप-तेल पोटात असेल तर नीट शोषलं जातं.

मोगरा_नाशिक
खूप खूप आभार सगळ्यांचे. २.५ चा भागाकार नवऱ्याला दाखवला, पाकिटं बाजूला ठेवली, उद्या आठला जीपीला फोन करते. साबांचेही गुडघे दुखतात, त्या मार्चपर्यंत आहेत, त्यांना माझ्यासारखीच गोळी दिली तर चालेल का? बीपीची गोळी चालू आहे त्यांची.

औषधवाली_मँचेस्टर
रोजची ४०० वाली बहुतेकांना चालते. पण बीपीची गोळी लघवी जास्त करणाऱ्या प्रकारातली असेल तर त्यातल्या काहींनी कॅल्शियम वाढतं, आणि किडनीचा त्रास किंवा मुतखडा होऊन गेला असेल तरी आधी विचारायला हवं. गोळीचं पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या फार्मसीत जा, अपॉइंटमेंट लागत नाही. आणि गुडघेदुखी डीमुळेच असेल असं धरून बसू नका, त्या वयात गुडघ्याची झीजही असते, ते वेगळं दाखवा.