गणपतीच्या पाहुण्यांसाठी हवेची गादी : सोसायटीच्या गटावरील चर्चा

ब-३०२ : सर्वांना नमस्कार. गणपतीला सासूबाई आणि सहा महिन्यांच्या बाळासह नणंदबाई येत आहेत. वन आरकेत आणखी पलंग मावत नसल्याने हवेची गादी घ्यायची आहे. मात्र गेल्या वर्षी अ-१०४ कडून आणलेली गादी पहाटेपर्यंत जमिनीला टेकली होती, म्हणून काळजी वाटते.

अ-१०४ : वहिनी, ती गादी कोरी होती. नवे पीव्हीसी, म्हणजे गादीचे प्लास्टिक, सुरुवातीला ताणले जाते, त्यामुळे कुठेही छिद्र नसताना गादी सैल पडते. आदल्या दिवशी फुगवून ठेवा आणि झोपण्यापूर्वी पुन्हा हवा भरा, असे मी तेव्हाही सांगितले होते.

अ-५०१ : कृपया बाळाला हवेच्या गादीवर झोपवू नये. मऊ पृष्ठभागात तोंड रुतून किंवा गादी आणि भिंतीच्या फटीत अडकून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १५ महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तसा स्पष्ट इशारा दिला आहे.

ब-३०२ : काका, लक्षात ठेवते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कोणती गादी चालेल?

क-२०३ : सुमारे दीड फूट उंचीची, म्हणजे उठताना पाय जमिनीला टेकतील. कडा दबणारी नको, कारण वयस्कर माणसे कडेवर बसूनच उठतात. डबल गादी साधारण साडेचार बाय सव्वासहा फुटांची असते, तेव्हा खोलीत वर्तमानपत्रे अंथरून आधी जागा पाहा. वरचा भाग मखमली असल्यास चादर सरकत नाही. मात्र आपल्या दमट हवेत गादी पूर्ण वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते.

ब-३०१ : सूचना उत्तम आहेत. परंतु गेल्या वर्षी रात्री अकराला गादी फुगवण्याचा पंप सुरू झाला आणि आमची भिंत लागूनच आहे, याचाही विचार व्हावा, ही नम्र विनंती.

ब-३०२ : तेव्हाच आपण दार वाजवले असते, तर बरे झाले असते.

सचिव : पंप रात्री दहापूर्वी चालवावा. हा विषय येथे थांबवू या.

अ-५०१ : पुन्हा लिहितो, बाळाला त्या गादीवर झोपवू नये.

अ-१०४ : आमची गादी आता ताणून स्थिर झाली आहे. हवी असल्यास न्या. साबणाचे पाणी लावून शिवणी आणि झडप तुमच्यासमोर तपासून देतो.

ब-३०२ : आभारी आहे, पण ती बुटकी आहे, म्हणून सासूबाईंसाठी उंच गादीच घेते. बाळासाठी जमिनीवर कापसाची पातळ, घट्ट गादी घालीन.

अ-५०१ : उत्तम. दुपारच्या झोपेलाही तीच वापरावी.