जोडी नसेल तर रणगाडा घेऊ नये, पटतंय का?

टिळकवाडीकर:
दोन महायुद्धांच्या मधले, म्हणजे १९१९ ते १९३९ मधले रणगाडे वॉरगेमसाठी, म्हणजे छोटी मॉडेल्स घेऊन टेबलावर खेळायच्या लढाईसाठी, जमवणारे आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात मोजकेच आहेत, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या कपाटात एक ब्रिटिश, एक फ्रेंच, एक जपानी असं सुटं सुटं दिसतं आणि मग टेबलावर खेळायला बसलं की कोण कुणाशी लढणार हाच प्रश्न. माझं म्हणणं सरळ आहे, जे रणगाडे खरोखर समोरासमोर आले तेच घ्यावेत, दोन्ही बाजू एकदम. स्पेनचं यादवी युद्ध घ्या, १९३६ पासून. सरकारच्या बाजूला सोव्हिएत टी-२६, ४५ मिमीची तोफ. बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूला जर्मन पँझर १ आणि इटालियन सीव्ही-३५, दोन्हीवर नुसत्या मशीनगन. फ्रँकोवाल्यांनी पकडलेले टी-२६ स्वतः वापरले, म्हणजे तेच मॉडेल दुसऱ्या रंगात दुसऱ्या बाजूला चालतं, पैसे वाचतात. नाहीतर मंगोलियाच्या सीमेवरची १९३९ ची खलखिन गोलची लढाई घ्या, सोव्हिएत बीटी-५ आणि बीटी-७ विरुद्ध जपानी हा-गो. जोडी असली की रणगाडा कसा होता ते हातात कळतं, शोकेसमध्ये ठेवून कळत नाही.

निपाणी_७२:
अजिबात पटलं नाही ओ. तुमच्या नियमाने या काळातली सगळ्यात भारी मॉडेल्सच बाद होतात. ब्रिटिश विकर्स इंडिपेंडंट बघा, १९२६ चा, पाच टरेट (वरचे फिरते बुरूज), एकच बनला आणि लढाईला कधी गेलाच नाही. फ्रेंच शार २सी, जवळपास ७० टनाचा, दहाच बनले, १९४० मध्ये रेल्वेवरून हलवताना अडकले आणि लढायच्या आधीच बहुतेक त्यांच्याच माणसांनी उडवले. पण इंडिपेंडंट टेबलावर ठेवल्याशिवाय रशियनांनी पाच टरेटवाला टी-३५ का काढला ते कळणारच नाही. त्या वीस वर्षांत रणगाडा नक्की कशासाठी ते कुणालाच ठरवता आलं नव्हतं, प्रत्येक देश आपापला अंदाज बांधत होता. जर्मनांना तर व्हर्सायच्या तहाने रणगाडाच मना होता, मोटारीवर पुठ्ठा-कापडाचा सांगाडा चढवून सराव करायचे बिचारे. असल्या काळात लढले तेवढेच घ्या म्हणणं म्हणजे निम्मा इतिहास टाकून देणं.

टिळकवाडीकर:
इतिहास टाका म्हणत नाही मी, पुस्तकात वाचा की. इंडिपेंडंट टेबलावर आणला तर त्याच्यासमोर काय ठेवणार ते सांगा.

निपाणी_७२:
१९३५ चं काल्पनिक युद्ध ठेवणार. वॉरगेम त्यासाठीच असतो.

उद्यमबाग_लेथ:
मला दोघांचंही निम्मं पटतंय, पण स्पेनच्या जोडीत एक अडचण आहे ती कुणी बोलतच नाही. पँझर १ चं चिलखत जास्तीत जास्त १३ मिमी, टी-२६ चं १५, म्हणजे पातळ दोघंही, पण एकाकडे तोफ आहे आणि दुसऱ्याकडे नाही. टेबलावर टी-२६ वाला लांबून एकेक उडवत बसतो आणि समोरचा पोरगा परत खेळायला येत नाही. ३७ मिमीच्या जर्मन रणगाडाविरोधी तोफा बरोबर घेतल्याच पाहिजेत, नाहीतर जोडीला अर्थ नाही. आणि मॉडेल बनवण्याबद्दल पण बोला की जरा. टी-२६ च्या कमांड गाडीच्या टरेटभोवती जो नालासारखा अँटेना असतो तो १/१०० मापाच्या थ्रीडी प्रिंटमध्ये एकतर जाड येतो नाहीतर प्रिंटचे सपोर्ट, म्हणजे आधाराच्या काड्या, काढताना तुटतो. मी तो काढूनच टाकतो आणि मोटर वायंडिंगची बारीक तार ड्रिल बिटच्या दांड्यावर वळवून सुपरग्लूने बसवतो, आख्खी गाडी साडेचार सेंमीची, त्यावर ती तार शोभून दिसते. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका, दमट हवेत पांढरी झाक येते, ब्रशनेच लावा.

शहापूर_गल्ली:
राग मानू नका पण मुळातच विचारतो, आपल्या गल्लीत दिवाळीला पोरं अजून मातीचे किल्ले करतात, राजहंसगड इथंच आहे, आणि आपण पैसे घालायचे रशियन रणगाड्यांवर? मराठ्यांच्या लढाया टेबलावर आणा की, घोडदळ, तोफा, डोंगर, काय कमी आहे का खेळायला?

खानापूर_घाट:
शहापूर भावा, दोन्ही करता येतं, कुणी अडवलंय? आणि रणगाडे अगदी परके पण नाहीत. मोहमंद पठाणांविरुद्धच्या १९३५ च्या मोहिमेत वायव्य सरहद्दीवर ब्रिटिशांनी हलके रणगाडे वापरले, आणि १९३८ पासून हिंदी घोडदळाच्या रेजिमेंटी घोडे सोडून गाड्यांवर यायला लागल्या. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी उभी आहे, एकदा जाऊन बघ. मला वाटतं आपल्याकडच्या माणसाने सरहद्दीपासून सुरुवात करावी. आणि टिळकवाडीकर, तिथं समोर रणगाडा नाहीच, डोंगरातले पठाण आहेत, मग तुमची जोडी कुठं बसवायची?

टिळकवाडीकर:
समोर लढणारं कुणीतरी आहे ना, झाली जोडी, ती चालेल मला. उद्यमबाग, तुमची अडचण खरी आहे पण तोफेवर सगळं ठरत नाही. स्पेनमधल्या सेसेन्या गावातली २९ ऑक्टोबर १९३६ ची लढाई बघा. सरकारचे १५ टी-२६ गावात घुसले, समोरच्या इटालियन गाड्या त्यांच्यापुढे काहीच नव्हत्या, पण टी-२६ वाल्यांचं स्वतःचं पायदळ मागे राहिलं आणि अरुंद गल्ल्यांत पेट्रोलच्या बाटल्यांनी गाड्या पेटल्या, शेवटी माघार घ्यावी लागली. असा डाव मांडला तर तोफ नसलेल्या बाजूलाही खेळायला मजा येते. इंडिपेंडंटवाल्या काल्पनिक युद्धात हे कुठून येणार?

निपाणी_७२:
काल्पनिक युद्धात पण गल्ल्या असतात ओ. इंडिपेंडंट मी विकत नाही. पण सेसेन्या खेळू या, घरं आणि गल्ल्या मी फोमबोर्डच्या करून आणतो, टी-२६ तुम्ही आणा, बाटलीवाले उद्यमबागकडे द्या. पायदळ मात्र रणगाड्यांच्या दोन चाली मागूनच निघायचं, त्यावर मी हटणार नाही.