कॉम्पॅक्ट एसयूव्ही वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तिच्यात हात किती घालायचा?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

गाडी दारात आली की पहिल्याच महिन्यात मोठे टायर, स्प्रिंगखाली स्पेसर (गाडी उंच करणारी जाड चकती), छतावर कॅरियर, पुढे लाइटबार. आणि चार-पाच वर्षांनी तीच गाडी "फार खडखडते" म्हणून विकायला काढलेली. हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहूनच टाकतो. मत जरा उद्धट वाटेल, चालवून घ्या: दिसण्यासाठी केलेले बहुतेक बदल गाडीला लवकर म्हातारं करतात, आणि खरोखर उपयोगी पडणारे बदल बाहेरून दिसतच नाहीत.

मुळात ही गाडी म्हणजे उंच केलेली हॅचबॅक. वेगळी लॅडर फ्रेम नाही, बॉडी हीच चौकट. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे बहुतेकदा टॉर्शन बीम (दोन चाकं जोडणारा, पिळ घेणारा आडवा दांडा). स्प्रिंग, शॉकअप, टायर, स्टिअरिंग आणि ईएससीचं (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) प्रोग्रॅमिंग एकमेकांशी जुळवलेलं. १९९७ साली मर्सिडीजची ए-क्लास, म्हणजे आखूड आणि उंच गाडी, स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत अचानक वळवताना उलटली होती. कंपनीला सस्पेन्शन बदलावं लागलं, टायर बदलावे लागले आणि ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) प्रत्येक गाडीत द्यावं लागलं. अशी गाडी चार चाकांवर ठेवताना इंजिनिअरांच्या फौजेला घाम फुटतो, तिथे आपण दुपारभरात स्पेसर ठोकून मोकळे.

माझी पद्धत सांगतो. पहिलं वर्षभर काहीही बदलायचं नाही. त्यानंतर जे झिजेल ते बदलायचं, आणि बदलताना एक पायरी वरचं घ्यायचं. टायर संपले की त्याच मापाचे पण चांगले. शॉकअप गेले की टॉप माउंट (वर बॉडीला धरणारा जोड) आणि बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारं रबर) यांसकट नवे. लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुश फाटायची वाट बघायची नाही, चिरा दिसल्या की काढायचे. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान अट १५५ वर येते. लांब उतारावर पेडल मऊ लागायला लागलं की हा फरक पायाला कळतो. पण याचा फोटो काढून कुठे टाकणार?

विरोध होऊ द्या.

नटबोल्ट

होतोच. असहमत, आणि कडकडून.

"जुळवलेलं" म्हणजे काय हो? कंपनी गाडी जुळवते ती खर्चाशी, मायलेजच्या चाचणीशी आणि सरासरी गिऱ्हाइकाशी. टायर निवडताना रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) बघतात, ओल्या रस्त्यावरची पकड त्यानंतर. हॉर्न मांजर ओरडल्यासारखा. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटला १६ इंची चाकं, वरच्याला १७ इंची, दुसऱ्या देशात तीच गाडी वेगळ्या स्प्रिंगवर. मग यातलं खरं जुळवलेलं कोणतं? सगळीच. म्हणजे जागा आहे, कंपनीनेच ठेवलीय. त्या जागेत राहून केलेल्या बदलाला घाबरायचं कशाला?

मी २१५/६० आर १७ (रुंदी मिमीत, साइडवॉल म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची) काढून २२५/६० आर १७ टाकले. गाडी रस्त्यावर जास्त ठाम बसते, खड्डे कमी टोचतात. ईएससीने तक्रार केलेली नाही.

मोजपट्टी

आकडे मांडतो, भांडण नंतर करा.

२१५/६० आर १७: साइडवॉल १२९ मिमी, पूर्ण व्यास साधारण ६९० मिमी. २२५/६० आर १७: साइडवॉल १३५, व्यास ७०२. फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, गाडी वर गेली ६ मिमी. नटबोल्ट, तुमचं चालून जातं.

पण लोक तिथे थांबत नाहीत. त्याच रिमवर २२५/६५ टाकतात: व्यास ७२४. फरक पाच टक्के, उंची १७ मिमीने वाढली. या पाच टक्क्यांचा अर्थ असा की प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी लांब झाला, म्हणजे चढावर खालचा गिअर लवकर मागणार. ब्रेकला तेवढाच मोठा तरफदांडा रोखायचाय. टायरही जड, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, फिरणारं. ते सीटवर ठेवलेल्या सामानासारखं गप्प बसत नाही.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी दुप्पट जपा. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चारही टायरच्या परिघांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नको असं असतं. एकच टायर फुटला म्हणून एकच नवा टाकला, तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग सरळ रस्त्यावरही झगडत बसतं.

खिडकीची_सीट

स्पीडोमीटर चुकणार ना मग?

मोजपट्टी

चुकणार, पण गंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणून बहुतेक गाड्या मुळात थोडा वेग फुगवूनच सांगतात. पावणेदोन टक्क्यांनी टायर वाढला तर काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो. पाच टक्क्यांनी वाढला तर खऱ्यापेक्षा कमी दाखवायची शक्यता असते. दंडाची पावती येते ती इथे.

डोंगरवाट

खुर्चीत बसून हे सगळं छान वाटतं. माझा रोजचा रस्ता कच्चा, मध्ये दगडांची उतरण. पोटाला घासल्याचा आवाज एकदा ऐका, मग बोला. शॉकअपवर ३० मिमीचा स्पेसर बसवल्यापासून तो आवाज बंद झाला. ऑइल संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटून भर रानात उभं राहण्यापेक्षा वळणावर थोडं जास्त झुकणं मला परवडतं.

तिसरा गिअर

डोंगरवाट, तुमची गरज खरी आहे, उपायाबद्दल शंका आहे.

गाडी उलटण्याचा ढोबळ हिशोब करायचा तर दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या रोलओव्हर रेटिंगमध्ये हाच भागाकार असतो; उत्तर जितकं लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. अंतर १५५० मिमी, उंची ६२० धरली तर १.२५. गाडी ३० मिमी वर गेली की १.१९. चाकं आणि आर्म वर जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष घट याहून जरा कमी. पण छतावर सामान लादलंत तर ही सवलत निघून जाते, व्याजासकट.

दुसरं, स्पेसरने स्प्रिंग ताठ होत नाही, फक्त बॉडी वर सरकते. शॉकअपला खाली उघडायला जागा कमी उरते, म्हणून खड्ड्यात चाक पडलं की "टक" असा धातूचा आवाज येतो. ड्राइव्हशाफ्टचे (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणारे सांधे, कायम तिरके फिरतात. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवा आणि काच खाली करून ऐका. कटकट कटकट ऐकू आली तर जॉइंट निघालाच समजा. टो आणि कॅम्बर (चाकांचा आतबाहेरचा रोख आणि उभा कल) बदलतात, अलाइनमेंट न करता चालवलंत तर टायरची एक कड करवतीसारखी होते, हात फिरवला तर बोटांना लागते. शिवाय हेडलाइटचा झोत आणि पुढच्या कॅमेऱ्याची नजर, दोन्ही पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

आणि एक बघा. जुन्या गाडीचे मागचे स्प्रिंग बसलेले असतात. नव्या गाडीची चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची आणि तुमची आत्ताची उंची टेपने मोजा. पुष्कळदा स्पेसरने मिळणारी उंची म्हणजे गमावलेली उंचीच असते. तिथे नवे मूळ स्प्रिंग हाच उपाय.

डोंगरवाट

टेपने मोजतो. पण "टक" आवाज माझ्या गाडीत नाही, हेही नोंदवून ठेवा. टॉप माउंटच्या वर बसणारा स्पेसर आहे, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घेतली. घिसाडघाईने केलेल्या कामाची उदाहरणं देऊन नीट केलेलं काम बाद करू नका.

उगाच_एक_शंका

अवांतर: मोनोकॉक (म्हणजे बॉडी हीच चौकट) कच्च्या रस्त्याचं नाही हे कुणी ठरवलं? लोक १९९४ च्या टोयोटा रॅव्ह४ पासून अशा गाड्यांची सुरुवात धरतात. त्याआधी १९७७ पासून लाडा निवा मोनोकॉक बॉडी, कॉइल स्प्रिंग आणि कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह घेऊन चिखल तुडवत होती. बॉडीला दोष देऊ नका, टायर आणि चालकाला द्या.

रात्रपाळी

सगळे उंचीत अडकलात. जुन्या गाडीत पहिली मरते ती नजर, त्यावर बोला.

हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे दिव्यापर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के गळलं, की उजेड तीस टक्के गेला. जुन्या गाडीत अर्थची वायर गंजलेली, कनेक्टर हिरवे पडलेले, स्विचचे पॉइंट काळे. वर पॉलीकार्बोनेटची काच पिवळी. लोक म्हणतात कंपनीचे दिवेच फालतू. आधी मल्टिमीटर लावा: बॅटरीवर किती, बल्बच्या पिनवर किती. मग रिलेचं हार्नेस (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारी वायरिंग) टाका, अर्थ घासून नवा करा, काच पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग द्या. कोटिंग वगळलंत तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

बदल करायचाच असेल तर हा करा.

फुलबीम

एवढी यातायात कशाला? एलईडी बल्ब टाका, विषय संपवा.

रात्रपाळी

तुमचा विषय संपतो, समोरच्याचा सुरू होतो. रिफ्लेक्टर हा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकाराची बसत नाही. प्रकाश नाकासमोर पांढराफेक पडतो, म्हणून तुम्हाला भरपूर वाटतो, पण लांबवर पोचत नाही आणि वरची कड फाटून समोरच्याच्या डोळ्यात जाते. भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची कड बघा, मग बोलू.

नटबोल्ट

रात्रपाळींना जोड: फॉग लॅम्प वाढवणाऱ्यांनी फ्यूज बॅटरीपाशी ठेवा, दिव्यापाशी नको. ५५ वॅटचे दोन म्हणजे १२ व्होल्टवर नऊ-सव्वानऊ ॲम्पिअर, १५ चा फ्यूज पुरतो. मूळ वायर चिमट्याने टोचून जोडणी घेणाऱ्या "एक्सपर्ट"ला गाडीला हात लावू देऊ नका.

हौशी_कलाकार

धाग्यात एक माणूस सुखी दिसत नाही. अहो, गाडी वर्षानुवर्षं ठेवायची तर ती आवडत राहायला नको का? मी दर दोनेक वर्षांनी काहीतरी बदलतो: कधी स्क्रीन, कधी दारांत साउंड डॅम्पिंग, कधी सीटचं फोम. त्यामुळेच शोरूमकडे पाय वळले नाहीत. तिसरा गिअर साहेबांच्या शिस्तीने ठेवलेली गाडी उत्तम चालेल, पण मालक पाचव्या वर्षी कंटाळून नवी घेईल. म्हणजे लवकर विकायला लावलं कुणी, माझ्या हौशीने की तुमच्या संयमाने?

तिसरा गिअर

धाग्यातला सगळ्यात दमदार प्रतिवाद. डॅम्पिंगला आणि फोमला माझी हरकत शून्य. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर फोम आणि कव्हर करताना ती शिवण मोकळी सोडा, एवढंच. तिच्यावरून कव्हर ताणून शिवलं तर एअरबॅग उघडणार कुठून?

स्क्रीनचं मात्र तपासा. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून किती करंट जातोय ते मोजा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर निवांत. स्वस्त स्क्रीन झोपत नाहीत. ३०० मिलिॲम्पिअर जात असेल तर दिवसाला सात ॲम्पिअर-तास, म्हणजे ५० ची धडधाकट बॅटरी आठवडाभरात आडवी. मग लोक बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतात.

हौशी_कलाकार

मोजेन. पण स्क्रीन काढणार नाही.

टर्बो_लॅग

रिमॅपबद्दल (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) कुणीच बोललं नाही?

नटबोल्ट

बोलतो, माझा बाणा सोडून. छोट्या टर्बो पेट्रोलला टॉर्क वाढवता येतो, पण तो पेलायचा कुणी? सीव्हीटी किंवा कोरड्या क्लचचा डीसीटी (दोन्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार) असेल तर त्याची मर्यादा इंजिनआधी संपते. त्यातून कमी आरपीएमवर टॉर्क वाढवला की डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात अवेळी स्फोट होण्याची भीती. ठेवायच्या गाडीत मी करणार नाही. आणि टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅप म्हणजे जेमतेम फरक, बाकी मनाचं समाधान.

दुसरा_मालक

मी कायम वापरलेलीच गाडी घेतो. बदललेली गाडी दिसली की पहिला प्रश्न: मूळ भाग ठेवलेत का? स्प्रिंग, हेडलाइट, रिम माळ्यावर असतील तर माणूस नीटनेटका. "फेकले" म्हणाला की मी निघतो.

डोंगरवाट

टेप लावून आलो. मागची बाजू स्पेसर धरूनही नव्या गाडीपेक्षा जेमतेम दहा मिमी वर आहे. म्हणजे स्प्रिंग वीसएक मिमी बसलेत. मागे नवे स्प्रिंग टाकून तिथला स्पेसर काढतो, पुढचा राहील. आणि पोटाखाली स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा). लोखंडी की ॲल्युमिनियमची?

नटबोल्ट

म्हणजे शेवटी मॉडिफिकेशनच. तिसरा गिअर, नोंद घ्या.

तिसरा गिअर

घेतली. पुढच्या स्पेसरवर माझं मत तेच आहे.

मोजपट्टी

०.६ चौरस मीटरची प्लेट धरा. २ मिमी लोखंड म्हणजे साडेनऊ किलोच्या आत-बाहेर, ४ मिमी ॲल्युमिनियम साडेसहा. दगडावर घसटताना ॲल्युमिनियम ओरबाडलं जातं, लोखंड घसरतं पण गंजतं. रोज दगड असतील तर लोखंडी घ्या, पावडर कोटिंग निघालं की रंग मारत राहा. बोल्ट सबफ्रेमला (इंजिनखालची धातूची चौकट) हवेत, बंपरच्या प्लास्टिकला नकोत. गरम हवा बाहेर पडायला फटी असाव्यात. आणि ड्रेन प्लगसमोर भोक पाडलेलीच घ्या, नाहीतर दर ऑइल चेंजला अख्खी प्लेट उतरवावी लागेल आणि तिसऱ्या खेपेला मेकॅनिक ती परत बसवायचा कंटाळा करेल.